काच हलली नाही

थोरला : नको म्हणजे काय? टेम्पो दारात येऊन लागलाय, नाचाच्या वर्गाच्या बाईंचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले, आणि तू आत्ता म्हणतोस नको.

धाकटा : आरसा पोचवायला नको म्हणत नाही, दादा. आपण दोघांनी उचलायला नको, एवढंच.

थोरला : मग कोण उचलणार? वरून माणसं उतरणार आहेत?

धाकटा : पलीकडच्या फ्रेमवाल्याकडे दोघं आहेत. मी बोलून ठेवलंय.

थोरला : मला न विचारता?

धाकटा : तुला विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास.

थोरला : म्हणालोच असतो. डोक्याच्या वर जाणारा आरसा, दोन मजले, त्यात जिन्याला वळण. फ्रेमवाल्याच्या माणसांनी जन्मात तसबिरीपेक्षा मोठं काही उचललंय का? वळणावर कोपरा भिंतीला टेकला की संपलं. काच उचलायची म्हणजे दोघांचं पाऊल एक लागतं. ते काय बाजारात मिळतं?

धाकटा : नाही मिळत.

थोरला : बाबा काय सांगायचे? काचेच्या खाली दोन माणसं असली तरी पाय दोनच हवेत.

धाकटा : माहीत आहे.

थोरला : मग हातमोजे घाल आणि चल.

धाकटा : दादा, मी नाही उचलणार.

थोरला : बरं. आता खरं बोल. खुब्यामुळे ना?

धाकटा : कुणाच्या?

थोरला : कुणाच्या म्हणजे? या घरात खुब्याचं कौतुक एकाच माणसाचं झालंय. अरे, नऊ वर्षं झाली त्या शस्त्रक्रियेला. मागच्या महिन्यातच डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. हाडाच्या गोळ्यावर जी टोपी बसवली ती जागच्या जागी आहे, रक्तात धातू उतरलेला नाही. ते म्हणाले, असे पेशंट सगळे असते तर मला काम उरलं नसतं. सायकल चालवतो, पोहायला जातो. तू जातोस पोहायला?

धाकटा : नाही.

थोरला : मग? ज्याच्यात खोट काढायचीय त्याच्यात काढ.

धाकटा : वजनाचं काय म्हणाले डॉक्टर?

थोरला : जड उचलू नका म्हणाले. एकट्याने, असं त्यांना म्हणायचं असणार. एकट्याने मी उचलतोय कुठे? तू असतोस की मागे.

धाकटा : हो. मी असतो मागे.

थोरला : तो काय सूर लावलायस? काही असेल तर तोंडावर बोल. मला घरी बसवायचंय का? थोरल्याचं वय झालं, आता गल्ल्यावर बसून फोन घेऊ दे त्याला, असं ठरलंय का तुमचं? ही बघ तुझी वहिनी आलीच डबा घेऊन. हिलाही सामील केलं असशील.

वहिनी : कशात सामील? आवाज पार कोपऱ्यापर्यंत येतोय. तो शिंपी मशीन थांबवून ऐकतोय.

थोरला : ऐकू दे. त्यालाही कळू दे की भावाला भाऊ नकोसा झालाय. आज हे महाशय माझ्याबरोबर आरसा उचलणार नाहीत.

वहिनी : भावजी, सांगितलंत?

धाकटा : नाही अजून.

थोरला : बघ, म्हणजे आहेच काहीतरी.

वहिनी : आधी तुम्ही बसा, भावजी. तोंड बघा कसं झालंय.

धाकटा : बसत नाही मी, वहिनी. बसलो की उठताना फार त्रास होतो.

थोरला : कसला त्रास?

धाकटा : पाठीचा.

थोरला : मग असं सांगायचं की लेका. पाठ धरलीय म्हणावं सरळ. मी मघापासून कुठल्या कुठे गेलो. तेल चोळ, दोन दिवस फळीवर झोप. बाईंना सांगतो परवा आणतो म्हणून. त्यात एवढं काय?

धाकटा : दोन दिवसांचं नाही ते. दोन वर्षं झाली.

थोरला : दोन वर्षं? आणि मला आज कळतंय?

धाकटा : आधी अधूनमधून दुखायची. आता डाव्या पायात मुंग्या येतात. रात्री कूस बदलली की जाग येते. माझ्या धाकट्या लेकीला उचलून घेता येत नाही मला. ती हात वर करून उभी राहते आणि मी खाली बसण्याचं सोंग करतो.

थोरला : डॉक्टरकडे गेलास की नाही?

धाकटा : गेलो. मणक्यातली गादी सरकलीय म्हणाले. मग त्यांनी व्यायामाला पाठवलं. तुझ्याच फिजिओबाईंकडे.

थोरला : त्या अजून आहेत तिथे? फार कडक बाई. मला तीन महिने भिंतीला टेकवून एका पायावर उभं करत होत्या.

धाकटा : त्याच. मी दवाखान्याच्या बोळातून जात होतो, आणि त्या मागून आल्या. मला मागून हाक मारली, काचवाले थोरले, एवढ्या वर्षांनी कशी आठवण झाली?

थोरला : मग? भावाभावांची ठेवण सारखी असतेच. आपले खांदे बाबांसारखे आहेत.

धाकटा : तोंड वळवल्यावर त्या गोंधळल्या. मग मला म्हणाल्या, तुमचाही खुबा झालाय का? डावा?

थोरला : तुझा कशाला होईल?

धाकटा : तेच म्हणालो मी. मग त्यांनी मला त्या बोळात इकडून तिकडे चालायला लावलं. पाय वाकवून पाहिला, फिरवून पाहिला. म्हणाल्या, तुमचा पाय ठणठणीत आहे. खुब्यात काही नाही, गुडघ्यात काही नाही. मग तुम्ही लंगडता का?

थोरला : तू कुठे लंगडतोस?

धाकटा : लंगडतो, दादा. थोडासा. डाव्या पायावर कमी वेळ थांबतो आणि अंग त्या बाजूला टाकतो.

थोरला : पाठ दुखत असेल म्हणून.

धाकटा : उलटं आहे. तसा चालतो म्हणून पाठ दुखतेय. त्या म्हणाल्या, ही चाल मी ओळखते. ही मी नऊ वर्षांपूर्वी सुधारायला घेतली होती, तो पेशंट मधेच यायचा बंद झाला.

थोरला : बंद झालो कारण बरा झालो. बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला जाईल? हवा खायला?

वहिनी : अहो, ऐका तरी पुढे.

थोरला : काय ऐकायचंय? हा म्हणतोय मी लंगडतो. मी. अख्खा दिवस मी या दुकानात उभा असतो.

वहिनी : उभे असता तेव्हा छानच दिसता. चालता तेव्हाचं बोलणं चाललंय.

थोरला : तू पण?

वहिनी : घरातल्या बाईला नवऱ्याचं पाऊल ओळखू येत नाही होय? जिन्यावर पाय वाजला की मला कळतं तुम्ही आलात. एक वाजतो, एक पडतो.

थोरला : नऊ वर्षांत कधी बोलली नाहीस.

वहिनी : पहिल्या वर्षी बोलले होते. तुम्ही ताट सारून उठलात. मग मी म्हटलं, चालतोय ना माणूस, अंथरुणाला खिळलेला होता तो चालतोय, कशाला किरकिर करा.

थोरला : आणि काच? लंगडा माणूस एवढी मोठी काच नेईल? एकाचं पाऊल जरा चुकलं तर मधोमध लहर येते, काच थरथरते. ते काही लपत नाही. नऊ वर्षांत एकदा तरी हलली का काच? सांग ना, तू तर मागेच असतोस. हलली?

धाकटा : एकदा.

थोरला : कधी?

धाकटा : पहिल्या दिवशी. तू कामावर परत आलास तेव्हा. बेकरीची पुढची काच होती.

थोरला : आठवते. रस्ता ओलांडून न्यायची होती.

धाकटा : तू पुढे, मी मागे. अर्ध्या रस्त्यात थरथर सुरू झाली. तू न वळता ओरडलास, मागे झोपलास काय? पाऊल मिळव.

थोरला : बरोबरच ओरडलो. पुढच्याने चालायचं, मागच्याने मिळवायचं. बाबांच्या वेळेपासून तसंच आहे.

धाकटा : हो. म्हणून मी मिळवलं.

वहिनी : ऐकलंत?

धाकटा : तुझ्या पायांकडे बघितलं. उजवा लांब, डावा आखूड, डाव्याला खांदा खाली. तसंच टाकलं मी. दोनचार पावलांत थरथर थांबली. पलीकडे काच बसवून झाल्यावर तू बेकरीवाल्याला म्हणालास, बघा शेठ, टोपी नवी, चाल जुनी. किती महिन्यांनी हसला होतास तू. माझ्या पाठीवर थाप मारलीस. मी काय बोलणार होतो तेव्हा?

थोरला : तेव्हा नाही तर दुसऱ्या दिवशी.

धाकटा : दुसऱ्या दिवशी दुसरी काच होती.

थोरला : थांब. आधी मी मागे असायचो. शस्त्रक्रियेच्या आधी पुढे तू, मागे मी. तूच म्हणालास, दादा आता तू पुढे हो.

धाकटा : तुझे पाय दिसावेत म्हणून. पहिलाच दिवस होता, काळजी वाटत होती.

थोरला : मी समजलो मान देतोयस.

धाकटा : समजू दिलं.

थोरला : घरी येऊन हिला सांगितलं मी. सांगितलं होतं ना गं? म्हटलं, आजारपणाने भाऊ शहाणा झाला, मला पुढे घालतो.

वहिनी : सांगितलं होतंत.

थोरला : दुकानभर आरसे आहेत. चारी भिंतींना आरसे. मला दिसलं नसतं?

वहिनी : आरशात तुम्ही स्वतःला कधी बघता? तुम्ही आरसाच बघता. डाग आहे का, चरा आहे का, कड नीट घासलीय का.

थोरला : सरका बाजूला. तो मोठा तसाच राहू दे भिंतीला.

(थोरला त्या मोठ्या आरशाकडे चालत जातो, परत येतो. पुन्हा जातो.)

वहिनी : पुरे आता.

थोरला : खांदा पडतो.

धाकटा : हो.

थोरला : मुद्दाम सरळ चालतोय तरी पडतो.

धाकटा : मी पण घरी करून बघितलं. मोकळ्या हाताने, मनात धरून चाललो तर सरळ पडतं पाऊल. पण हातात वजन आलं की पाय तुझा टाकतो. आता वजन नसलं तरी टाकतो. शाळेत धाकटीला सोडायला गेलो तर तिच्या बाईंनी विचारलं, अपघात झाला होता का?

थोरला : काय सांगितलंस?

धाकटा : हो म्हटलं. काय सांगणार?

थोरला : फिजिओबाई काय म्हणतात?

धाकटा : कोणाबद्दल? माझ्या की तुझ्या?

थोरला : माझंही विचारलंस?

धाकटा : मी नाही. त्याच बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या भावाच्या खुब्यात लंगडण्यासारखं काही नव्हतं. सांधा उत्तम बसला होता. बाजूचा स्नायू कापून आत जावं लागतं, तो नंतर जागा करावा लागतो. कुशीवर झोपून पाय वर घ्यायचा, एका पायावर उभं राहायचं, पायरीवर चढ-उतार. वर्षभर केलं असतं तर चाल सरळ झाली असती.

थोरला : वर्षभर.

धाकटा : आणि नंतरही सोडायचं नसतं म्हणाल्या. दात घासतो तसं रोज. सायकल चालेल, पोहणं चालेल, पण त्याने तो स्नायू जागा होत नाही.

थोरला : मी तीन महिने केलं. मग ती बेकरीची काच नेली आणि म्हटलं आता काय राहिलं? काच उचलतोय, हाच व्यायाम. त्यांचा फोन आला होता दोनदा, तुम्ही येत नाही म्हणून. मी म्हटलं, बाई, रस्त्यावर येऊन बघा मी काय उचलतोय ते.

वहिनी : मला आठवतंय. शेजारच्यांना पण तेच सांगत होतात.

थोरला : काच हलत नव्हती ना. मला दुसरं कुठलं माप कळत होतं? डॉक्टर फोटो बघतात, बाई पाय बघतात. मी काच बघतो. काच हलली असती तर गेलो असतो परत. त्याच आठवड्यात गेलो असतो. तुला माहीत आहे माझं, काच हलली तर मला झोप येत नाही.

धाकटा : माहीत आहे.

थोरला : मग तू काच हलू दिली असतीस तर?

धाकटा : तेच मी त्या बाईंकडून आल्यापासून अंथरुणात पडून घोकतोय. हलू दिली असती तर.

वहिनी : त्यांना कशाला बोल लावता? तुम्हीच ओरडलात पाऊल मिळव म्हणून.

थोरला : बोल नाही लावत. लावतोय. काय करतोय मलाच कळत नाही. मला याचा राग येतोय आणि मला रडूही येतंय, आधी कुठलं काढू?

धाकटा : मलाही तुझा राग येतो, दादा. खोटं कशाला बोलू? तू पोहून यायचास, ताजातवाना, आणि म्हणायचास, तुला काय झालंय दुखायला, मोठी शस्त्रक्रिया माझी झाली. मी गोळी गिळायचो आणि हातमोजे घालायचो. लोक येऊन तुला विचारायचे, तुमचं कसं काय एवढं छान बरं झालं? तू त्यांना पाय उचलून दाखवायचास. मी तिथेच उभा असायचो.

थोरला : तेव्हा तरी तोंड उघडायचंस.

धाकटा : उघडून काय सांगू? की हा बरा नाही, मी त्याच्यासारखा आजारी झालोय?

वहिनी : भावजी, पाणी घ्या. तुम्ही पण घ्या.

थोरला : मला नको. तुझ्याबद्दल काय म्हणाल्या ते सांग. काही राखून ठेवू नकोस.

धाकटा : व्यायाम दिलेत. चाल सुटेल म्हणाल्या, वेळ लागेल. पाठ होती तशी पूर्ण परत येणार नाही. जड उचलायचं बंद.

थोरला : किती दिवस?

धाकटा : दिवस नाही सांगितले. बंद म्हणाल्या.

थोरला : तू पंचेचाळिशीचा नाहीस अजून.

धाकटा : तुझा खुबा गेला तेव्हा तूही नव्हतास फार मोठा.

थोरला : माझा गेला तो गेला. वंशातच होतं ते, बाबांचाही गेला होता. तुझा पाय चांगला होता. घरात एकाचा पाय चांगला होता आणि तो मी...

वहिनी : नका बोलू.

थोरला : मी अजून गेलो तर घेतील त्या? एवढ्या वर्षांनी?

धाकटा : मी विचारलं. घेईन म्हणाल्या. थोडं सुधारेल. सगळं नाही, शरीराने ती चाल धरून ठेवलीय. पण टोपी जितकी वर्षं टिकवायचीय तितकी वर्षं स्नायू हवा, नाहीतर भार वाकडा पडतो. जड उचलणं तुलाही बंद. आता खरंच बंद. मी मागे असलो तरी.

थोरला : म्हणजे मोठी काच गेली आपल्या हातून.

धाकटा : कापायची आपण. कड आपण घासायची. न्यायला माणसं.

थोरला : बाबांनी पाटीवर काय लिहून घेतलं होतं? काच घरपोच. घरपोच म्हणजे आम्ही.

वहिनी : पोचल्याशी कारण. कोण पोचवतो हे पाटीवर लिहिलेलं नाही.

थोरला : तुला सोपं आहे.

वहिनी : मला सोपं आहे? त्या वर्षी तुम्हाला संडासापर्यंत खांद्यावर कोणी नेलं? आता भावजी असे वाकडे उभे आहेत आणि तुम्ही पाटीचं घेऊन बसलात. उद्या सकाळी दोघं जा त्या बाईंकडे. मी दुकान उघडते.

थोरला : दोघं एकदम?

वहिनी : एकदम. पण बरोबर चालत जाऊ नका. एकाने या बाजूने जा, एकाने त्या.

धाकटा : वहिनी बरोबर बोलतात. मी तुझ्याशेजारी चाललो की झालंच सुरू.

थोरला : लहानपणी तू शाळेत जाताना धावत यायचास माझ्या मागे. मी म्हणायचो, नीट चाल, माझ्याकडे बघून चाल.

धाकटा : दादा, आता ते नको.

थोरला : नाही. नाही काढत.

वहिनी : ती बघा फ्रेमवाल्याची माणसं आली. दाराशी उभी आहेत, आत येऊ की नको कळत नाहीये त्यांना.

थोरला : या, या आत. चपला काढू नका, खाली तुकडे असतात. हातमोजे त्या खुंटीवर आहेत, तेच घाला, तुमचे नकोत, घसरतात. आरसा उभाच न्यायचा, आडवा अजिबात करायचा नाही. जिन्याच्या वळणावर खालच्याने थांबायचं, वरचा आधी वळेल. आणि दोघांचं पाऊल...

धाकटा : काय झालं?

थोरला : काही नाही. दोघांनी आपापलं बघून चाला. सावकाश. हलली तर हलू द्या, थांबा, खाली टेकवा, पुन्हा उचला. कोणी कोणावर ओरडायचं नाही.

वहिनी : उचलतायत बघा.

धाकटा : हलतोय थोडा.

थोरला : हलू दे.

धाकटा : दादा, मग आपण काय करायचं?

थोरला : दार धरायचं. एक झडप तू धर, एक मी.